मनाच्या वैद्याची पूर्वतयारी

आमच्या भुशीचें नांव आपणांपैकीं बहुतेकांना ठाऊक असेल तें पावसाळ्यामुळें. धरण भरतें, पायऱ्यांवरून पाणी वाहूं लागतें, आणि पुण्यामुंबईची माणसें त्या पाण्यांत बसावयास येतात. हें धरण मुळांत सहलीसाठीं बांधलेलें नव्हे. रेल्वेच्या वाफेच्या एंजिनांना पाणी पाहिजे होतें, म्हणून तें बांधलें गेलें. वाफेचीं एंजिनें गेलीं, धरण राहिलें. त्या धरणाच्या वाटेवर दर पावसाळ्यांत कणसें भाजून विकणारा एक गृहस्थ आहे. चाळीस वर्षांपूर्वीं तो माझा विद्यार्थी होता. आजचें माझें भाषण त्याच्यापासून सुरू होतें आणि त्याच्या मुलीपाशीं येऊन थांबतें.

तो तिसरीच्या वर्गांत असतां 'मगर' हा शब्द 'गमर' असा लिहीत असे. 'कमळ' या शब्दाचें 'मकळ' करी. तोंडी हिशेबांत मात्र वर्गांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अशा हुशार मुलाला साधीं तीन अक्षरें ओळीनें लिहितां येऊं नयेत, हें मला पटेना. मीं निदान ठरवून टाकलें: आळस आणि उनाडपणा. औषधहि ठरलेलें होतें: पट्टी. सातवीनंतर त्यानें शाळा सोडली. पुढें पुष्कळ वर्षांनीं शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गांत मीं 'अध्ययन-अक्षमता' हा शब्द ऐकला, तिचीं लक्षणें ऐकलीं, आणि माझ्या डोळ्यांपुढें तो 'गमर' उभा राहिला. एकदां धीर करून मीं त्याला त्या दिवसांविषयीं विचारलें. कणसाला मीठ चोळतां चोळतां तो म्हणाला, "गुरुजी, तवा अक्षरं जागेवर थांबतच नव्हती. तुम्हाला सांगावं म्हटलं, तर तुम्ही आधीच पट्टी उचललेली असायची."

गेल्या वर्षीं तो आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरीं आला. मुलगी लोणावळ्याहून लोकलनें पुण्यास जाऊन बी. ए. च्या पहिल्या वर्षांत शिकत होती, विषय मानसशास्त्र. "गुरुजी," ती म्हणाली, "मला चिकित्सालयीन मानसशास्त्रात डॉक्टरेट करायची आहे. आतापासून काय तयारी करू?" मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. डॉक्टरेट ही वस्तु मीं दुरूनच पाहिलेली. परंतु त्या घराचें माझ्यावर ऋण होतें. म्हणून आम्हीं दोघांनीं मिळून नियम वाचले, परिपत्रकें चाळलीं, जाणत्या प्राध्यापकांना विचारलें. त्यांतून जें हातीं लागलें तें, तिच्यासारखीं मुलें ज्या घरांत आहेत त्या घरांपुढें आज ठेवीत आहें.

प्रथम नांवांचा घोळ दूर करूं. मनोविकारतज्ज्ञ हा मूळचा वैद्यकीय डॉक्टर. तो औषधें देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधें देत नाहीं. तो रोग्याशीं बोलतो, ठरीव कसोट्यांनीं त्याची बुद्धि, स्मृति व भावना यांची पारख करतो, निदानास हातभार लावतो, आणि संभाषणाच्या व अभ्यासाच्या शास्त्रीय पद्धतींनीं उपचार करतो. दोघांचीं कामें निराळीं, पण एकमेकांना पूरक आहेत.

या शास्त्राचा जन्म, आश्चर्य वाटेल, पण एका शाळेच्या मुलापासून झाला. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत लाइटनर विटमर नांवाचे प्राध्यापक होते. जर्मनींत लाइप्त्सिग येथें वुंट यांच्या प्रयोगशाळेंत ते शिकून आले होते. १८९६ सालीं एका शिक्षिकेनें चौदा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आणला. इतर विषयांत तो बरा होता, पण शब्दांचें लेखन त्याला कांहीं केल्या जमत नव्हतें. विटमरनीं त्याला तपासलें, त्याच्या दृष्टींत दोष आढळला, आणि चष्मा व निराळी शिकवणी असे उपाय सुरू झाले. त्याच वर्षीं त्यांनीं विद्यापीठांत जगांतील पहिलें मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडलें, आणि १९०७ सालीं या नव्या शास्त्राला 'चिकित्सालयीन मानसशास्त्र' हें नांव दिलें.

श्रोतेहो, त्या शिक्षिकेला आणि मला एकच कोडें पडलें होतें. तिनें 'असें कां?' हा प्रश्न उघडा ठेविला आणि तो जाणत्यापाशीं नेला. मीं तो स्वतःच मिटवून टाकला. पदवीच्या वर्षांतील सारी तयारी म्हणजे, माझ्या मतें, हा प्रश्न उघडा ठेवण्याची संवय होय. गुण, अर्ज, शिफारसपत्रें हीं सर्व पाहिजेत. पण या संवयीवांचून तीं पोकळ होत.

अशा माणसांची गरज किती आहे, हें दोन आंकड्यांनीं कळेल. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील बारा राज्यांत पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या वेळीं प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ माणसांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांच्या शेंकडा ७० ते ९२ रोग्यांपर्यंत उपचार पोंचलेलेच नव्हते.

आतां वाटेविषयीं. येथें चांगल्या सुशिक्षित घरांचीहि फसगत होते. पीएच्. डी. ही संशोधनाची पदवी आहे. रोगी तपासण्याचा तो परवाना नव्हे. आपल्या देशांत हा अधिकार १९९२ च्या कायद्यान्वयें भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीनें मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें तर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावें याची व्याख्याच करून ठेवली आहे. परिषदेनें मान्य केलेल्या संस्थेंतील शिक्षण आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष रोग्यांबरोबर केलेलें काम, हा तिचा गाभा आहे. नुसत्या मानसशास्त्रांत एम्. ए. व पीएच्. डी. केलेला विद्वान् महाविद्यालयांत उत्तम शिकवील, मोलाचें संशोधन करील. पण तेवढ्यावरून त्याला ही पाटी दाराला लावतां येणार नाहीं.

कित्येक वर्षें रीत अशी होती कीं, एम्. ए. नंतर दोन वर्षांचें एम्. फिल्. करावें, नोंदणी करावी, आणि मग पीएच्. डी. कडे वळावें. १९५४ सालीं बंगळूरास अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि पुढल्याच वर्षीं तेथें हें शिक्षण सुरू झालें. त्या परंपरेंतून ही वाट रुळली. २०२२ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनीं एम्. फिल्. ही पदवीच बंद केली. या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून मिळाली. दरम्यान पुनर्वसन परिषदेनें नव्या पदव्यांचे अभ्यासक्रम आंखले. त्यांत चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि दोन वर्षांचें एम्. ए. आहे. त्याच २०२२ च्या नियमांप्रमाणें, चार वर्षांच्या पदवींत शेंकडा ७५ गुण मिळविणाऱ्यास एम्. ए. वांचून थेट पीएच्. डी. ला अर्ज करतां येतो. ही सवड ऐकून मुलें हुरळून जातात. पण अधिकार आणि पदवी यांतला मघाचा भेद तेथेंहि लागू आहे, हें विसरूं नये. दूरशिक्षणानें मानसशास्त्र शिकण्याचा मार्गहि २०२५ च्या जुलै-ऑगस्टपासून आयोगानें बंद केला.

यावरून पालकांना माझें सांगणें एवढेंच: वाट बदलत आहे, तेव्हां ऐकीव माहितीवर फी भरूं नका. ज्या संस्थेंत मुलगा किंवा मुलगी पाठवावयाची, तिचें नांव त्या वर्षींच्या पुनर्वसन परिषदेच्या यादींत आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहा. आणि ही वाट लांब आहे, हेंहि आधींच मान्य करा. पदवीपासून डॉक्टरेटपर्यंत नऊ-दहा वर्षें सहज जातात. आयोगाच्या पात्रता-परीक्षेंत वर आलेल्यांना संशोधनासाठीं शिष्यवृत्ति मिळते. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये झाली. कणसें विकणाऱ्या बापाच्या दृष्टीनें ही बारीक गोष्ट नव्हे.

परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन शब्द. अमेरिकेंत १९४९ सालीं बोल्डर गांवीं परिषद भरली आणि तिनें ठरविलें कीं, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा संशोधकहि असावा आणि चिकित्सकहि असावा. म्हणून तेथें बी. ए. नंतरहि डॉक्टरेटच्या वर्गांत प्रवेश मिळूं शकतो. पण शिक्षण पांच वर्षें किंवा अधिक, आणि त्यांत एक वर्ष रुग्णसेवेची उमेदवारी. अर्ज पाहणारे विचारतात तें असें: आपण कोणतें संशोधन केलें, कोणाच्या हाताखालीं केलें, आणि पुढें कोणता प्रश्न सोडवूं पाहतां? इंग्लंडांत डॉक्टरेट तीन वर्षांची. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा उमेदवारांना वेतन देते, पण प्रवेशापूर्वीं माणसांबरोबर केलेल्या कामाचा अनुभव मागते. म्हणजे इकडे काय, तिकडे काय, दोनच गोष्टी विचारल्या जातात: मोजतां येतें काय, आणि ऐकतां येतें काय?

मोजण्यापासून आरंभ करूं. मानसशास्त्र घेणारीं पुष्कळ मुलें गणिताला भिऊन इकडे येतात, आणि पहिल्याच वर्षीं संख्याशास्त्र दारांत उभें असलेलें पाहून दचकतात. त्या मुलीचें तेंच झालें होतें. तिला मीं आमच्या लोणावळ्याचेंच उदाहरण दिलें. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं येथें कैवल्यधाम स्थापिलें. योगावर त्यांची श्रद्धा कोणाहून कमी नव्हती. परंतु नौलीच्या वेळीं पोटांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं पाहिलें, आंतला दाब यंत्रानें मोजला, आणि जें आढळलें तें त्याच वर्षीं निघालेल्या 'योगमीमांसा' त्रैमासिकांतून जगापुढें मांडलें. जेथें श्रद्धा आहे तेथेंच मोजमापाची अधिक गरज असते. एका उपचारानें दहा माणसें बरीं झालीं, असें कोणी सांगितलें, तर उपचार न करतां त्या दहांतलीं किती बरीं झालीं असतीं, असें विचारावयास संख्याशास्त्र शिकवितें. हा प्रश्न ज्याला सुचत नाहीं, त्यानें रोग्याच्या वाटेस जाऊं नये.

कसोटीचीहि कसोटी घ्यावी लागते. फ्रान्समध्यें बिने यांनीं बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. अमेरिकेंत तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. पण तिकडच्या मुलांना विचारलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारले, तर बुद्धि मोजली जाईल कीं परकेपणा? हें ओळखून धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांवर प्रयोग करून ती कसोटी आपल्याकडील मुलांसाठीं नव्यानें बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला, आणि बिने-कामत कसोटी त्यानंतर अनेक दशकें आपल्या देशांत वापरांत राहिली. पदवीच्या विद्यार्थ्यानें हातीं येणाऱ्या प्रत्येक प्रश्नावलीला विचारावें: तूं कोणत्या मुलांवर, कोणत्या भाषेंत सिद्ध झालीस? पुन्हां पुन्हां मोजल्यास तेंच माप देतेस काय? आणि जें मोजतें म्हणतेस, तेंच मोजतेस काय?

दुसरी गोष्ट ऐकण्याची, आणि ऐकणें म्हणजे आधीं भाषा. पुस्तकें इंग्रजींत असतात. पण दुःखी माणूस इंग्रजींत रडत नाहीं. आमच्या मावळांतील बाई 'मला चिंताविकार आहे' असें म्हणणार नाहीं. ती म्हणेल, 'जीव घाबरा होतो', 'काळजांत धडधडतें', 'डोकें जड झालें', 'मन कशांत लागत नाहीं'. कोणी म्हणेल, 'बाहेरचें कांहीं लागलें आहे'. या शब्दांना हंसणारा विद्यार्थी पुढें कितीहि मोठा डॉक्टर झाला, तरी त्याच्यापुढें रोगी तोंड उघडणार नाहीं. मीं त्या मुलीला सांगितलें, "लोकलमध्यें, बाजारांत, पाणवठ्यावर हे शब्द ऐक आणि वहींत टिपून ठेव. कोणी कोणत्या प्रसंगीं कोणता शब्द वापरला, हेंहि टीप. मात्र माणसाचें नांव कधींहि लिहूं नकोस." गुप्तता हा या व्यवसायाचा धर्म आहे, आणि तो पदवी मिळाल्यावर अंगीं बाणत नाहीं, आधीं बाणावा लागतो.

तिसरी गोष्ट सेवेची. संख्याशास्त्र आणि सेवा यांचें वैर आहे, असा पुष्कळांचा समज असतो. डॉ. जगन्नाथ वाणी यांचें चरित्र तो समज खोटा ठरवितें. ते कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला छिन्नमनस्कतेचा विकार जडला. तें दुःख लपवून न ठेवतां त्यांनीं पुण्यास १९९७ सालीं या विकाराविषयीं जागृति करणारी संस्था उभी केली, आणि २००४ सालच्या 'देवराई' या चित्रपटामागेंहि त्यांचें बळ होतें. पुण्यासच १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति-केंद्र सुरू केलें. ठाण्यास १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं मानसिक आरोग्यासाठीं संस्था काढली. अशा संस्थांत, विशेष मुलांच्या शाळांत, वृद्धाश्रमांत विद्यार्थ्यानें आठवड्याचे कांहीं तास द्यावेत. सतरंज्या घालाव्या, नोंदी कराव्या, मुलांशीं खेळावें. मात्र सल्ला देऊं नये. चार पुस्तकें वाचून मैत्रिणीचें निदान करणें, घरच्या माणसांवर कसोट्या चालविणें, हा मोह फार मोठा असतो. अर्धवट वैद्य जिवाला धोका, हें शरीराइतकेंच मनालाहि लागू आहे.

चौथी गोष्ट एका लहानशा संशोधनाची. चार वर्षांच्या पदवींत शेवटच्या वर्षीं संशोधनाची सवड असते. पण दुसऱ्या वर्षापासूनच एखाद्या प्राध्यापकांच्या कामांत हात घालावा. प्रश्नावल्या वाटणें, आंकडे भरणें, चुका शोधणें, अशीं नीरस कामें मागून घ्यावींत. प्रश्न लहान असावा. 'तरुणांचें मानसिक आरोग्य' हा प्रश्न नव्हे, तो समुद्र आहे. 'लोकलनें रोज तीन तास प्रवास करणाऱ्या विद्यार्थिनींची झोंप आणि परीक्षेची भीति यांचा कांहीं संबंध आहे काय?' हा प्रश्न आहे. त्यासाठीं प्रत्येकीची संमति घ्यावी, आणि संबंध आढळला तरी एकानें दुसरें घडविलें असें लगेच म्हणूं नये. शिफारसपत्र लिहिणारे गुरु अशा कामांतूनच मिळतात. शेवटच्या महिन्यांत नमस्कार करून मिळत नाहींत.

पांचवी गोष्ट स्वतःची. विकारांचीं लक्षणें वाचतां वाचतां प्रत्येक विद्यार्थ्याला तीं सगळीं आपल्यांतच दिसूं लागतात. बहुतेक वेळां तो नवशिकेपणा असतो. पण कधीं कधीं खरोखरच मन थकलेलें असतें. अशा वेळीं मदत मागण्यांत कमीपणा मानूं नये. सरकारनें २०२२ सालीं 'टेलिमानस' ही दूरध्वनीसेवा सुरू केली; तिचा क्रमांक १४४१६. जो स्वतः मदत मागूं शकत नाहीं, तो दुसऱ्याला ती मागण्याचें धैर्य कोठून देणार?

असें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. पण वेळ संपत आला. त्या मुलीला मीं एक वही करावयास सांगितली होती. पानाच्या मध्यें एक रेघ ओढावी. डावीकडे डोळ्यांना दिसलें व कानांनीं ऐकलें तेवढेंच लिहावें. उजवीकडे त्यावरून आपण काय समजलों तें लिहावें. 'मुलानें उत्तर दिलें नाहीं' हें डावीकडे, 'मुलगा उद्धट आहे' हें उजवीकडे. मीं माझ्या सबंध नोकरींत फक्त उजवीकडलाच रकाना भरला, असें आतां वाटतें.

परवां तिनें ती वही मला दाखविली. एका पानावर डावीकडे लिहिलें होतें: 'एक मनुष्य. वय सुमारें अट्ठेचाळीस. दुकानाची पाटी वाचतांना अक्षराखालीं बोट धरतो. पैशाचा हिशेब कागदाशिवाय, बिनचूक.' मनुष्य कोण, हें मला कळलें. उजवीकडलें पान कोरें होतें. मीं विचारलें, "इकडे कांहीं लिहिलें नाहींस?"

ती म्हणाली, "अजून ठाऊक नाही, गुरुजी. आधी मॅडमना विचारणार आहे. आणि त्याआधी बाबांना विचारणार आहे, विचारू का म्हणून."

श्रोतेहो, 'अजून ठाऊक नाहीं' हे शब्द चाळीस वर्षांपूर्वीं माझ्या तोंडून निघाले असते, तर तो मुलगा कदाचित् शाळेंत टिकला असता. ही मुलगी पुढें डॉक्टर होईल कीं नाहीं, हें मी सांगूं शकत नाहीं. परीक्षा कठीण आहेत, जागा थोड्या आहेत, घरची स्थिति बेताची आहे. पण तिची तयारी योग्य वाटेनें चालली आहे, एवढें मात्र मी खात्रीनें म्हणतों. आपल्या घरांत असें मूल असेल, तर त्याच्या गुणपत्रिकेबरोबर त्याची वहीहि अधूनमधून पाहत जा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.